ई-मेल पत्रिकेचे बिऱ्हाड बदलताना



आपली ई-मेल पत्रिका पुढील अंकापासून नव्या सेवेवरून येईल. चोपडा, यावल, शिरपूरकडील बऱ्याच सभासदांची मुले सुरत-पुण्याला असतात. ऊसतोडीची, बेणे वाटपाची खबर त्यांना यातूनच लागते, म्हणून जरा बयाजवार सांगतो.

अशी सेवा म्हणजे खंडाने घेतलेले रान. मालक केव्हा उठवील, नेम नाही. ट्विटरने विकत घेतलेली 'रेव्ह्यू' १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली, मेलचिंपची 'टायनीलेटर' २९ फेब्रुवारी २०२४ रोजी. तेव्हा वाचकांची यादी आपल्याजवळ उतरवून ठेवणे हे पहिले काम.

यादीत नुसते पत्ते असून भागत नाही. 'पत्रिका नको' असे कळवणाऱ्यांची नोंदही सोबत न्यावी लागते. ती राहिली की त्यांनाही अंक जातो, ते 'स्पॅम' दाबतात आणि मग सगळ्यांचाच अंक अडगळीत पडू लागतो. गवताळ वाढीचे एक बेट बेणे मळ्यात राहिले तर काय होते, हे तुम्हांस ठाऊकच आहे!

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याची ओळख तपासणे कडक केले आहे. त्यासाठी कारखान्याच्या डोमेनला एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी जोडाव्या लागतात. पत्रिका आमचीच, असा तो दाखला. शिवाय पहिला अंक एकदम सर्वांना न पाठवता, नेहमी वाचणाऱ्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने पाठवणे बरे.

अंक दिसला नाही तर स्पॅममध्ये पाहून 'स्पॅम नाही' दाबावे. मात्र या बदलाच्या नावाखाली कोणी ओटीपी किंवा बँक खाते विचारले, तर काही एक न सांगता गट कार्यालयात कळवावे.

— ऊस विकास अधिकारी