आधी युक्ती सांगा

पिस्कॅटवेत राहून संशोधक मुलामुलींची इतकी भाषणं ऐकली आहेत, की पहिल्या वाक्यावरूनच पुढचा अंदाज येतो. ‘दर वर्षी जगात इतक्या लाख लोकांना कर्करोग होतो’ अशी सुरुवात झाली की समजावं, पोरगं घाबरलंय. रटगर्स विद्यापीठाच्या बुश कॅम्पसवरच्या प्रयोगशाळेत जे काम तो दिवसभर रंगून सांगतो, तेच सभागृहात आल्यावर दडवतो आणि एका मोठ्या संकटाच्या आड जाऊन उभा राहतो. ऐकणाऱ्याला संकट ठाऊकच असतं. बहुतेकांच्या घरात येऊन गेलेलं असतं. त्याला हवी असते तुमची युक्ती : कशामुळे काय होतं, आणि ते तुम्ही पकडणार कसं.

म्हणून मुलांनो, माझा मुख्य कानमंत्र एवढाच, की आधी युक्ती सांगा. उपयोग तिच्या मागून आपसूक येतो.

उदाहरणासाठी लांब जायला नको. बुश कॅम्पसवरच्या ज्या वॉक्समन इन्स्टिट्यूटवरून तुम्ही रोज जाता, ती स्ट्रेप्टोमायसिनच्या स्वामित्वधनातून उभी राहिली. हे औषध १९४३ साली नदीपलीकडे, रटगर्सच्या शेतकी महाविद्यालयात सापडलं. शोधणारा अल्बर्ट शॅट्झ तेव्हा २३ वर्षांचा पीएचडीचा विद्यार्थी होता. क्षयाचे जंतू हाताळायचे म्हणून त्याचं काम तळघरात चालायचं. पेनिसिलिनचा क्षयापुढे काही इलाज चालत नव्हता. आता हा प्रकल्प गावातल्या लोकांपुढे कसा मांडाल? ‘क्षयाने लाखो माणसं मरतात, आम्ही औषध शोधतो आहोत’ असं तर कोणीही म्हणेल. त्याऐवजी असं म्हणा : रोगाचे कितीतरी जंतू मेलेल्या जनावरांबरोबर मातीत जातात, पण मातीत ते फार दिवस टिकत नाहीत. मग त्यांना तिथे मारतं कोण? झालं. सातवीतल्या मुलालाही प्रकल्प कळला, आणि उत्तर ऐकायला तो खुर्चीच्या कडेवर सरकला. मातीतलेच दुसरे सूक्ष्मजीव त्यांना मारत असतील, तर ते शोधून त्यांच्याकडून ते रसायन मिळवायचं. शॅट्झला उपयोगी पडलेल्या दोन वाणांपैकी एक भरपूर खत घातलेल्या मातीतला होता आणि दुसरा कोंबडीच्या घशातला. ही कोंबडी वगळू नका. सूक्ष्मजीवाचं लॅटिन नाव घरी जाईपर्यंत विसरलं जातं, कोंबडीचा घसा लक्षात राहतो.

याच गोष्टीत दुसरंही एक शहाणपण आहे, ते जरा कडू आहे. या शोधाचं १९५२ चं नोबेल एकट्या सेल्मन वॉक्समन यांना, म्हणजे शॅट्झच्या मार्गदर्शकांना मिळालं. शॅट्झ त्याआधीच, १९५० मध्ये, आपल्या गुरूविरुद्ध कोर्टात गेला होता. तडजोडीत त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि स्वामित्वधनाचा वाटा मिळाला. पण पुढे प्रतिष्ठित प्रयोगशाळांची दारं त्याच्यासाठी बंदच राहिली. पहिल्या शोधनिबंधावर एलिझाबेथ बुगी हे दुसरं नाव होतं, ते आज किती जणांना आठवतं? आपली मराठी मुलं मंचावर ‘आम्ही केलं, आमच्या लॅबने केलं’ असं म्हणत राहतात. हा संकोच आपल्या घरच्या वळणाचा आहे आणि मला तो आवडतो. पण परीक्षक तुमचं काम जोखायला बसलेले असतात, तिथे तो नडतो. जे हातांनी केलंत त्याला ‘मी’ म्हणा. ज्याचं श्रेय दुसऱ्याचं आहे तिथे त्याचं नाव घ्या. बाकी सगळं ‘आम्ही’. ही वाटणी भाषणाआधी आपल्या मार्गदर्शकांशी बोलून ठरवा, नंतर ती फार महाग पडते.

तुमचा विषय ऐकून लोक हसतील अशी भीती असेल, तर ते हसू आधी तुम्हीच मंचावर आणा. अमेरिकेत संशोधनाचा बराच पैसा करदात्याचा असतो आणि तो जाब विचारतो. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ पासून सरकारी उधळपट्टीला ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा उपहासाचा पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिलाच गेला माणसं प्रेमात का पडतात या अभ्यासासाठी ८४ हजार डॉलर दिल्याबद्दल. अशा थट्टेच्या बोलण्यात स्क्रूवर्म माशीच्या कामजीवनाचा अभ्यासही हमखास यायचा. ही माशी जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. तिची मादी आयुष्यात बहुधा एकदाच संग करते, एवढं एक वाक्य कळलं की हसू थांबतं. किरणांनी वांझ केलेले नर मोठ्या संख्येने सोडले, तर मादीची ती एकुलती संधी वाया जाते. याच उपायाने अमेरिकेतून ती माशी हटवली गेली, आणि थट्टेला उत्तर म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन गूज’ पुरस्काराने पुढे याच संशोधनाचा गौरवही केला. पुन्हा पाहा, लोकांना गप्प केलं ते ‘पशुधनाचं रक्षण’ या शब्दांनी नव्हे, ‘मादी एकदाच’ या माहितीने.

आकडे दोनच ठेवा, तेही एकमेकांशेजारी. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात प्रथिनांच्या सात रचना होत्या, आज दोन लाखांच्या वर आहेत. तिचा अमेरिकेतला कारभार आता रटगर्सकडे आहे. इतकं सांगितलं की या क्षेत्राची झेप कळते. मधल्या पन्नास वर्षांचा आलेख दाखवायची गरज नसते.

तीन मिनिटांची स्पर्धा असेल तर नियम निर्दय असतात. ‘थ्री मिनिट थीसिस’ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली सुरू झाली. तिथे तेव्हा कडक दुष्काळ होता आणि लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून आंघोळ करत होते, त्यावरून ही कल्पना निघाली. एकच स्थिर स्लाइड, हलतंडुलतं काही नाही, आणि तीन मिनिटांपुढे गेलात की बाद. मजकूर साडेतीनशे इंग्रजी शब्दांचा करा. आपण भराभर बोलतो, त्यामुळे चारशेही बसतील असं वाटतं. बसतात, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. स्लाइडवर एक चित्र पुरे. तुमच्या शोधनिबंधातली आकृती तिथे तशीच चिकटवू नका, तिच्यातली बारीक अक्षरं वाचायच्या नादात लोक तुम्हाला ऐकायचे थांबतात.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं एक वागणं मला फार शिकवून जातं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. तोवर ते जगप्रसिद्ध झालेले होते. पण कथेला बक्षीस मिळालं ते नाव न बघता. तुम्हीही सराव करताना विद्यापीठ, मार्गदर्शक, शिष्यवृत्ती यांतलं काही सांगू नका आणि बघा, कल्पना स्वतःच्या पायांवर उभी राहते का. सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्नाला इतका मान द्यायचा असतो. भाषणानंतर ‘हे बाळबोध वाटेल, पण’ असं म्हणत कोणी उठला, तर तोच प्रश्न नीट ऐका. तिथेच तुमची मांडणी कच्ची राहिलेली असते.

अनुदानाचा अर्ज लिहायचा असेल तरी सूत्र तेच. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान (एनएसएफ) एका पानाचा सारांश मागतं आणि त्यात बौद्धिक गुणवत्तेबरोबर समाजावरचे व्यापक परिणामही लिहावे लागतात. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) अर्जात सार्वजनिक उपयोग तर दोन-तीन वाक्यांत उरकायचा असतो. त्या वाक्यांत ‘क्रांतिकारी’ आणि ‘अभूतपूर्व’ घालून जागा अडवू नका. आणि शेवटी मागणं स्पष्ट करा : पैसे, नमुने, यंत्रावरचा वेळ, की रुग्णांची माहिती. आपली मुलं काम उत्तम मांडतात आणि मागायच्या वेळी ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसतात.

आता उत्साहाच्या भरात राहून जाणारी एक गोष्ट. कल्पनेत पेटंट घेण्याजोगं काही असेल, तर जाहीर भाषण म्हणजे ती उघड करणं. अमेरिकेत त्यानंतर एक वर्षाची सवलत आहे. युरोपात सर्वसाधारणपणे ती नाही, मंचावर बोललात की नावीन्य संपलं. भारतातही अपवाद मोजकेच आहेत. तेव्हा तारीख नक्की करण्याआधी विद्यापीठाच्या पेटंट पाहणाऱ्या कचेरीत जा, आपला गोषवारा आणि स्लाइड त्यांना दाखवा, आणि कुठवर बोलायचं ते लेखी विचारून घ्या.