बाळाचे लंगोट : घरचा एक पाठ



आपल्या या पत्रिकेत बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या यांवरचे पाठ आपण नेहमी वाचतो. या वेळचा पाठ शेतातला नाही, घरातला आहे. विषय आहे तान्ह्या बाळाच्या कापडी लंगोटाचा. कोणी म्हणेल, यात शिकायचं ते काय? आजी-पणजीपासून चालत आलंय. खरं आहे. पण आता गावच्या किराणा दुकानातसुद्धा तयार डायपरच्या माळा टांगलेल्या दिसतात. आजीचं ज्ञान घरातून जाऊ लागलं आहे, आणि जे उरलं आहे त्यातही काही गोष्टी तपासून घ्याव्यात अशा आहेत. आमच्या घरी दोन लेकरं कापडी लंगोटावर वाढली. आम्ही दोघं नवरा-बायको आणि आमच्या आई, तिघांनी मिळून जे केलं, डॉक्टरांना आणि नर्सताईंना विचारून जे पक्कं केलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. कापड कोणते, किती

सगळ्यात चांगलं कापड म्हणजे जुनेर. आईचं विटलेलं सुती लुगडं, जुनं धोतर, मऊ झालेली चादर. धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेली असते, म्हणून ते पाणी लगेच शोषून घेतं आणि कातडीला टोचत नाही. नवीन मलमल किंवा मांजरपाट आणलंच, तर दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन मगच वापरावं. सिंथेटिक साडीचं कापड दिसायला मऊ, पण ओल शोषत नाही. ते नको.

आम्ही सुमारे पाऊण मीटरचे चौकोनी तुकडे केले. लंगोट २ डझन आणि खाली अंथरायला, गुंडाळायला ८ दुपटी. पहिल्या दीड महिन्यात दिवसाला १५ ते २० लंगोट लागायचे. पावसाळ्यात बाळ जन्मणार असेल तर आणखी एक डझन हाताशी ठेवावेत.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. जुनं कापड पुष्कळदा ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेलं असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचा घटक कमी असतो. अशा बाळाला डांबरगोळीच्या वासाचा कपडा घातला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कोणत्या बाळात हा दोष आहे ते वरून ओळखता येत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी घालूच नये. ट्रंकेतलं कापड चांगलं धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावं.

२. बांधायचा कसा

चौकोन दुमडून त्रिकोण करावा. लांब बाजू कमरेखाली, तिसरं टोक दोन पायांमधून वर, आणि दोन्ही बाजूंची टोकं पुढे आणून सैल गाठ. गाठीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. टाचणी-पिन कदापि नको. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला एक घडी जास्त द्यावी. मुलगी असेल तर पुसताना नेहमी पुढून मागे पुसावं, म्हणजे शीची घाण लघवीच्या जागी जात नाही.

नाळ सुकून पडायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोवर लंगोट बेंबीच्या खाली बांधावा. नाळ कोरडी राहिली तर लवकर पडते आणि पिकत नाही. तिच्यावर हळद, राख, तेल काही घालायचं नाही.

दुपट्यात गुंडाळताना पुष्कळ घरी बाळाचे पाय सरळ ओढून जुळवून घट्ट बांधतात. "पाय सरळ होतात" असं म्हणतात. हे चुकीचं आहे. बाळाचा खुबा पहिल्या काही महिन्यांत तयार होत असतो, आणि पाय सरळ ताणून बांधले तर तो सांध्यातून सरकण्याचा धोका असतो. पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले राहू द्यावेत.

३. मोजायचे कशासाठी

आता पाठातला मुख्य भाग. उसाची गाडी काट्यावर गेल्याशिवाय टनेज कळत नाही. पण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती दूध गेलं, त्याला काटा कुठला? त्याचा काटा म्हणजे लंगोट. आमच्या आई म्हणायच्या, "दूध मोजता येत नाही बाळांनो, लंगोट मोजा."

हिशेब सोपा आहे. पहिल्या दिवशी एखादा लंगोट ओला होतो, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि लघवी फिकट हवी. शीचाही रंग बदलतो. आधी काळी-हिरवी चिकट, मग हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी पातळसर. अशी पिवळी शी दिवसातून चार-पाच वेळा झाली तरी ते जुलाब नव्हेत.

धाकट्याच्या वेळी एप्रिल महिना होता. सहाव्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोनच लंगोट ओले झाले, आणि त्यावर विटेच्या भुकटीसारखा गुलाबी-केशरी डाग. बाळ रडत नव्हतं. उलट शांत झोपून होतं. शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या, "किती गुणी बाळ आहे!" पण आईंनी ओळीने घडी करून ठेवलेले लंगोट दाखवले आणि म्हणाल्या, "हे गुणी नव्हे, हे दमलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." दवाखान्यात वजन केलं, तर जन्मापेक्षा पुष्कळ घटलेलं. नर्सताईंनी बाळाला छातीशी कसं धरायचं, तोंड मोठं उघडून काळा भाग आत कसा जायला हवा, ते समोर बसून शिकवलं. दर दोन तासांनी उठवून पाजायचं आणि मध्ये हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी ओल्या लंगोटांची गिनती ८ वर गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर सलाईन लावून ठेवून घ्यावं लागलं असतं.

पहिल्या एक-दोन दिवसांत असा गुलाबी डाग दिसला तर घाबरण्याचं कारण नसतं, पण पुढेही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय असं समजावं. उन्हाळा आहे म्हणून बाळाला पाणी पाजू नये. ६ महिने अंगावरचं दूध पुरतं, त्यातच पाणी असतं. लंगोट कमी झाले तर पाजणं वाढवायचं. बाळ सुस्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक खूण कापडावर स्पष्ट दिसते. शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी आणि लघवी गडद पिवळी, लंगोटाला डाग पडणारी असेल, तर ती साधी कावीळ नव्हे. पित्ताची वाट बंद असण्याची शंका असते. अशा बाळावर दोन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा वाट पाहत बसू नये.

४. धुणे आणि वाळवणे

तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज घरोघरी आहे. तो सोडून द्यावा. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून शी आधी संडासात खंगाळून टाकायची. कॅनॉलवर, विहिरीच्या काठावर, हापशाच्या कट्ट्यावर लंगोट धुवायचे नाहीत. तेच पाणी पुढे कुणाच्या तरी घागरीत जातं.

आमची रीत अशी. शीचे लंगोट वेगळे, शूचे वेगळे. झाकणाच्या बादलीत भिजत घालायचे. झाकण हवंच, कारण घरात रांगतं मूल असेल तर अर्धी बादली पाणीही जिवावर बेततं. मग बंबातल्या गरम पाण्यात साध्या साबणाने धुवायचे आणि फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढायचे. साबण राहिला तर अंगावर पुरळ उठतं. वासाचं, मऊ करणारं औषध पाण्यात घालू नये. त्याने कापड ओल कमी शोषतं. जंतुनाशकही रोज नको. जुलाब किंवा बुरशीचा त्रास असेल तेव्हा मात्र लंगोट ५-१० मिनिटं उकळून घ्यावेत. शेवटी स्वतःचे हात साबणाने धुवावेत.

वाळवायला ऊन उत्तम. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपास चिमणीची काजळी वाळत्या कपड्यांवर पडते, हे जवळच्या वस्तीवाल्यांना सांगायला नको. दोरी पत्र्याखाली किंवा पडवीत, पण ऊन-वारा लागेल अशी बांधावी. पावसाळ्यात दमट लंगोट इस्त्री फिरवून कोरडा करावा. ओलसर लंगोट बांधण्यापेक्षा घटकाभर बाळ उघडं राहिलेलं बरं.

५. पुरळ उठल्यास

लंगोट कापडी असो की विकतचा, ओला राहिला तर पुरळ उठणारच. ओल, घासणं आणि शी-लघवी एकत्र राहिल्याने कातडी सोलवटते. उपाय साधा. शी झाली की लगेच बदलणे, कोमट पाण्याने धुणे, टिपून कोरडे करणे, दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा-अर्धा तास उघडे ठेवणे आणि खोबरेल तेल किंवा झिंकचे मलम लावणे. पावडर नको, तिचा धुरळा बाळाच्या छातीत जातो. बोरिक पावडर तर अजिबात नको, ती अंगात भिनून विषबाधा होते. सांध्याच्या घड्यांत लालभडक आणि भोवती बारीक पुटकुळ्या असतील किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर बुरशी असू शकते. अशा वेळी दुकानातून मनाने मलम आणू नये. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. त्याने आधी बरं वाटतं, पण कातडी पातळ होते आणि बुरशी पसरते.

६. तयार डायपरचा हिशेब

पॅम्पर्स नावाचा कागदी डायपर अमेरिकेत १९६१ साली बाजारात आला. त्यात पाणी धरून ठेवणारी भुकटी १९८० नंतरच्या दशकात आली, आणि तेव्हापासून डायपर पातळ पण जास्त ओल धरणारा झाला. त्याची सोय आम्ही नाकारत नाही. लांबचा प्रवास, दवाखान्याची रात्र, घरात आजारपण, अशा वेळी आम्हीही तो वापरला. पण रोजचा हिशेब करून बघा. एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला ५ लागले, तर महिन्याला १५०० आणि दोन वर्षांत ३६००० रुपये होतात. पैसे वाचवायला मग एकच डायपर दिवसभर ठेवला जातो आणि पुरळ येतं. शिवाय सगळी ओल आत जिरते, म्हणून नवजात बाळाची गिनती चुकते.

वापरलेल्या डायपरचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. त्यात प्लॅस्टिक असतं, ते उसाच्या पाटात किंवा उकिरड्यात कुजत नाही. शेणखताबरोबर ते शेतात येतं. जाळू नये, संडासात टाकू नये. शी संडासात झटकून, डायपर कागदात गुंडाळून, ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत वेगळा द्यावा.

कापडी लंगोट म्हणजे आपोआप निसर्गाचं भलं, असंही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, फायदा-तोटा धुण्याच्या रीतीवर ठरतो. फार गरम पाणी आणि वाळवणीचं यंत्र वापरलं तर फायदा जातो. दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर फायदा वाढतो. दोरी आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे, आणि थोरल्याचे लंगोट धाकट्याला ही आपली जुनीच रीत आहे.

७. धुणार कोण

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. रोजचे १५-२० लंगोट बाळंतिणीनेच धुवायचे असतील, तर तिने डायपर मागितला तर तिला नावं ठेवण्याचा कुणाला हक्क नाही. आमच्या घरी वाटणी होती. पाणी तापवणं आणि शीचे लंगोट खंगाळणं बाळाच्या वडिलांकडे, साबण लावणं आईंकडे, घड्या आणि गिनती बाळंतिणीकडे. शेजारी दोन दिवस हसले, मग हसायचे थांबले.

जाता जाता तोडणी कामगार भगिनींबद्दल. हंगामात खोपीवर तान्ही बाळं असतात आणि आई पहाटेच फडात जाते. तिथे ना धुवायला पुरेसं पाणी, ना वाळवायला जागा. ज्या सभासदाच्या फडावर टोळी आहे, त्याने जुन्या सुती चादरी आणि दोन बादल्या पाणी रोज देता येईल का, पाहावं. बाळाला दिवसातून चार वेळा पाजायला आईला फडातून सोडण्याची सवलत मुकादमाशी बोलून ठेवावी. यात कुणाचं टनेज कमी होत नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. सहाव्या दिवसानंतर बाळाचे २४ तासांत किमान किती लंगोट ओले व्हायला हवेत?
२. दूध पिण्याकडे लक्ष नसलेलं, शांत झोपलेलं बाळ नेहमीच समाधानी असतं का?
३. डांबरगोळ्यांतलं कापड बाळाला का वापरू नये?
४. तुमच्या घरी लंगोट कोण धुतं? उद्यापासून त्यातलं कोणतं काम कोण उचलेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या पुरुष माणसांनी द्यावं, ही विनंती.