गेम मशीनच्या पत्र्यावरची भोकं : बुजवायची की पत्राच बदलायचा?

महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारातली व्हिडिओ गेमची जुनी मशीनं वर्षानुवर्षं चालतात आणि दर दुरुस्तीत बटणांच्या पत्र्यावर एखादं भोक वाढतं. तीन बटणांची सहा झाली, जॉयस्टिक सरकली, की जुनी भोकं तशीच उघडी. त्यांतून लहान मुलांची बोटं थेट वायरींपर्यंत जातात, म्हणून हे काम टाळू नये. पसरणी घाट उतरून वाईत फॅब्रिकेशनवाल्याकडे या. मात्र अख्खं मशीन आणू नका. वीज तोडा, वायरींचे फोटो काढा आणि नुसता पत्रा सोडवून आणा.

दर विचारण्याआधी वरून काय लावणार ते ठरवा. स्टिकर लावायचा असेल, तर वेल्डिंगची गरज नाही. मागून पत्र्याची चकती इपॉक्सीने चिकटवायची, पुढून पुट्टी भरून घासायची. भोकामागे शंभर रुपयांच्या आत काम होतं. पावडर कोटिंग हवं असेल, तर साधी पुट्टी अजिबात चालत नाही. भट्टीत १८०-२०० अंशांना ती फुगते, तडकते. तिथे वेल्डिंगच.

वेल्डिंगमध्ये कारागिराचा हात कळतो. बटणाचं भोक २८ ते ३० मिलिमीटरचं असतं. त्यात त्याच जाडीची चकती घट्ट बसवून मागे तांब्याची पट्टी धरतात. तांब्याला वेल्ड चिकटत नाही. मग आर्गन किंवा सीओटूने समोरासमोर छोटे टाके मारायचे, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा. एका दमात गोल फिरवलं की पत्र्याला बाक येतो आणि तो पेटीवर नीट बसत नाही. पत्रा जस्ताचा असेल, तर आधी जस्त घासून काढायला सांगा. त्याचा धूर कारागिराच्या छातीला वाईट. घासणीसह एका भोकाचे दीडशे-दोनशे रुपये धरा, रंग वेगळा. हा अंदाज आहे. दुकानागणिक फरक पडेल.

आता हिशेब करा. ६० बाय ३० सेंटिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा सव्वादोन किलो भरतो. किलोला ८० रुपये धरले, तर माल १८० रुपयांचा. कापणं, वाकवणं, भोकं पाडणं यांची मजुरी वर. त्यामुळे चारपेक्षा जास्त भोकं बुजवायची असतील, तर माझं मत स्पष्ट आहे : नवा पत्रा घ्या, जुना नमुन्याला द्या.

पत्रा पुन्हा वर डोंगरातल्या पावसात जाणार, म्हणून मागच्या बाजूलाही प्रायमर मारून घ्या. मजुरीत घासणी आणि रंग धरला आहे का, ते आधीच लिहून घ्या. एक बटण सोबत न्या आणि ते प्रत्येक भोकात बसवून पाहिल्यावरच पैसे द्या.