सहा आकड्यांचा कोड आणि चौथीचा वर्ग

द्विशिक्षकी शाळेत एका बाईंच्या वाट्याला दोन-तीन इयत्ता येतात. तिसरीची हातच्याची वजाबाकी चालू असताना चौथीला कशात गुंतवायचं, हा रोजचा प्रश्न. म्हणून आमच्याकडे मुलंच मुलांना शिकवतात. गणित येतं तो गणिताचा विषयमित्र, वाचन चांगलं ती मराठीची. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग मांडून चौथीतली पोरगी तिसरीतल्या पोराला सांगते, "अरे, एककाच्या घरात पुरत नाहीत ना? मग दशकाचा एक ढीग फोड." मी तेच फळ्यावर कितीदा सांगितलेलं असतं. तिच्या तोंडून मात्र ते चटकन कळतं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ही देवघेव पालकांच्या मोबाइलवर गेली. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तेव्हा झाला, तो शाळा उघडल्यावरही राहिला. संध्याकाळी आईचा फोन हातात आला की मुलं एकमेकांना विचारतात, स्वाध्यायातलं तिसरं गणित कसं करायचं, उद्या कोणती वही आणायची. याच वाटेने फसवणूक आमच्या वर्गात शिरली.

चौथीतल्या एका मुलाला वर्गमित्राच्या आईच्या नंबरवरून मेसेज आला : ‘चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड गेलाय, पटकन पाठवा.’ कोड खरंच आला होता. त्याने तो पाठवला. त्या बाईंचं खातं आधीच कुणीतरी बळकावलेलं होतं, आता या घरचंही गेलं. यात यंत्राची मोडतोड काहीच नसते. भामटा आपल्या फोनवर तुमचा नंबर टाकतो, व्हॉट्सॲप पडताळणीचा कोड तुमच्या फोनवर पाठवतं, आणि तो ज्याच्या हाती पडेल त्याचं खातं. मग ग्रुपमधले सगळे नंबर त्याच्यासमोर उघडे. रात्री पालकांना निरोप गेले, दवाखान्यात आहे, पैसे हवेत. एका घरातून पैसे गेलेही.

मुलाला काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं. पण तो रात्रभर गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी गणित सोडवता सोडवता त्याने शेजारणीला सांगितलं आणि तिने त्याचा हात धरून त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं. "बाई, याला सांगायचंय." त्याचं पहिलं वाक्य होतं, "पप्पांना सांगू नका, मारतील." तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून गेले होते, ते परत मिळाले नाहीत.

म्हणून पालकांना हात जोडून सांगते, मूल असं काही घेऊन आलं तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच असू द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त. चॅट पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. खातं गेलं असेल तर आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा उघडून आपला नंबर टाका. नवा कोड टाकताच समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावला असेल तर आपल्याला आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही. आपणच सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी आधी लावून ठेवली असेल, तर निव्वळ कोड मिळवून त्याचं काम होत नाही. आणि कुणी मुलाकडे फोटो मागत असेल, धमकावत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

व्हॉट्सॲपची वयोमर्यादा १३ आहे. म्हणजे प्राथमिकची मुलं जे खातं वापरतात ते आईबापांचं, आणि त्याच फोनमध्ये यूपीआय असतं, आधारकार्डाचा फोटो असतो.

पालकसभेत काही जण म्हणाले, ग्रुप बंदच करा, मुलांनी एकमेकांना विचारायलाच नको. मला हे मुळीच पटत नाही. मित्राला निःशंकपणे विचारता येणं ही वर्गाने मुलांना दिलेली मोठी गोष्ट आहे, आणि प्रकरण उघड झालं तेही एका मैत्रिणीमुळेच. मेसेज मित्राच्या नंबरवरून आलाय म्हणून तो मित्राचाच, असं नाही, एवढं शिकवायचं. कोड, पैसे, फोटो यांतलं काहीही कुणी मागितलं की आधी फोन लावायचा, आवाज ऐकायचा, मग घरातल्या मोठ्यांना दाखवायचं.

हे शिकवण्याचं कामही आम्ही मुलांवरच सोपवलं. परिपाठानंतर जोड्या बसतात. एकाने गळ टाकायचा, दुसऱ्याने ओळखायचा. त्यांचे गळ माझ्यापेक्षा कितीतरी धारदार असतात : ‘फ्री फायरचे डायमंड फुकट’, ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसे घ्यायला पिन टाका’, ‘मी तुझ्या मामाचा मित्र, शाळेबाहेर थांबलोय’. आपल्याला कशाचा मोह पडतो हे त्यांनाच नेमकं ठाऊक. पैसे मिळायला पिन लागत नाही, हे दुसरीतलं पोर आता घरी आजीला समजावतं. फसलेल्या मुलाचं नाव मात्र या खेळात कधीही घेऊ नका. एकाला ओशाळं केलं की बाकीचे सगळे गप्प बसायला शिकतात.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय ठेवा. गणवेशातल्या मुलांचे नावासकट फोटो तिथे टाकू नका. आणि दर जूनला हजेरीपट नवा कराल तेव्हा ग्रुपची यादीही तपासा. शाळा सोडून गेलेल्यांचे, बदललेले, कुणालाच न ओळखू येणारे नंबर त्यात निघतात, ते त्याच दिवशी काढून टाका.