समेट आणि समुपदेशन यांतील भेद
(मंडळ्यांतील अभ्यासासाठीं पाठ)

नवरा दारू पिऊन बायकोस मारतो. ती उपदेशकाकडे येते, चार वडील जमतात, नवरा कान धरतो, आणि दिवेलागणीपूर्वीं ती त्याच घरीं परत पाठविली जाते. हा समेट आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत कोणास ठाऊक नाहीं? याहून निराळी वाट कायद्यानें घालून दिली आहे. प्रिय वाचकहो, ती नीट समजून घेण्यासाठीं हा पाठ आम्ही देत आहों.

१. कायदा. स्त्रियांस घरांतील हिंसेपासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजीं अमलांत आला. हिंसा म्हणजे केवळ मार नव्हे. शिवीगाळ, तिचा पैसा हिरावून घेणें, खर्चावांचून ठेवणें हेंही त्यांत येतें. अर्ज ती स्वतः करूं शकते, किंवा तिच्या वतीनें संरक्षण अधिकारी अथवा दुसरा कोणीही करूं शकतो. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांचे आंत ठेवावी, असें कायदा सांगतो. वकिलास द्यावयास पैसा नसला तरी अडचण नाहीं. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रियांस मोफत वकील मिळतो.

२. समुपदेशन. कलम १४ प्रमाणें दंडाधिकारी नवऱ्यास, बायकोस किंवा दोघांस अनुभवी समुपदेशकाकडे जाण्याचा हुकूम करूं शकतात, आणि पुढील तारीख दोन महिन्यांचे आंत नेमतात. येथेंच मुख्य भेद आहे. "तिनें उलट उत्तर दिलें," "दारू चढली होती," असें आपल्या कृत्याचें समर्थन करण्याची नवऱ्यास तेथें मुभा नाहीं, आणि हें त्यास आरंभींच सांगितलें जातें. पुन्हां हिंसा करणार नाहीं, असें त्यास लिहून द्यावें लागतें. समेटाचा प्रयत्न होतो तो तिची इच्छा असेल तरच. शिवाय न्यायालयाचा संरक्षणाचा हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊं शकतात. गांवच्या समेटामागें असें बळ नसतें.

३. दारू. अपराध्यास तुरुंगाऐवजीं देखरेखीखालीं सोडतांना मादक पदार्थ वर्ज्य करण्याची अट घालण्याचा अधिकार न्यायालयास १९५८ च्या कायद्यानें दिला आहे. परंतु अट अपराधाच्या मानानें असावी. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत मोटारीच्या धडकेनें दोन तरुण मरण पावलीं. मद्यपान करून गाडी चालविल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलास बाल न्याय मंडळानें त्याच दिवशीं सोडलें. तीनशें शब्दांचा निबंध, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम व व्यसनमुक्तीसाठीं समुपदेशन ह्या अटी घातल्या. लोकांत मोठा क्षोभ झाला, आणि तीनच दिवसांनीं तो हुकूम बदलावा लागला.

तसेंच, दारू सुटली म्हणजे हात आपोआप आवरेल असें नव्हे. शुद्धीवर असूनही मारणारे पुष्कळ आहेत. ह्यास्तव दारूचा उपचार आणि हिंसेचा बंदोबस्त हीं दोन कामें निराळीं समजावीं. फार पिणाऱ्यानें दारू एकदम बंद केल्यास झटके येण्याचें भय असतें. त्यास प्रथम डॉक्टरांकडे न्यावें.

४. आपलें कर्तव्य. स्त्रीचें म्हणणें नवऱ्यासमोर नव्हे, तर वेगळें ऐकावें. दुखापत असल्यास तिला आधीं सरकारी दवाखान्यांत पोंचवावें. तातडीच्या वेळीं ११२ वर, किंवा स्त्रियांसाठीं असलेल्या १८१ ह्या क्रमांकावर कळवावें. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता उपदेशकानें आजच विचारून ठेवावा. क्षमा करणें हें तिचें आहे. तिला सुरक्षित ठेवणें हें आपलें आहे.

विचारासाठीं प्रश्न: (१) आपल्या मंडळींत झालेल्या मागील समेटानंतर त्या स्त्रीची विचारपूस कोणीं केली? (२) आज रात्रीं एखादी स्त्री आली, तर तिला कोणाच्या घरीं ठेवाल?