गर्दी टाळा, उपनगरं पाहा

प्रश्न : आई-बाबांना घेऊन मुलुंडला बहिणीकडे येतेय. फिरणं, खाणं, गाण्याची मैफल हे सगळं दक्षिण मुंबईतच असतं म्हणतात. त्यांना रोज एवढा प्रवास झेपेल का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : तुमच्या आई-बाबांना रोज दक्षिण मुंबई गाठायची गरजच नाही. मुलुंडमध्येच कालिदास नाट्यमंदिर आहे. पलीकडे विलेपार्ल्यात दीनानाथ, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. नाटकांबरोबर इथे गाण्याचे कार्यक्रमही होतात. वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहा आणि पुढच्या रांगांची तिकिटं आधीच काढा.

एक सकाळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांसाठी ठेवा. इथे शंभरावर लेणी आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण सगळं पाहायचा अट्टहास नको. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह प्रवेशाजवळच आहे. त्याच्या ओसरीतल्या भव्य बुद्धमूर्ती आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आवर्जून दाखवा. सोमवारी लेणी बंद असतात. माकडं फार, तेव्हा खाऊची पिशवी हातात नको. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, हेही लक्षात ठेवा.

जाताना दादरला वळसा नको. लोकलने घाटकोपर, तिथून 2014 पासून धावणाऱ्या मेट्रोने अंधेरी, मग पुन्हा लोकल. परतीला घाटकोपर पूर्वेच्या खाऊ गल्लीत तव्यावरचा गरमागरम डोसा खा. बाबांना तिखट चालत नसेल, तर आधीच सांगा.

ऑफिसच्या गर्दीच्या वेळा तेवढ्या टाळा. सहल नक्की सुखाची होईल.