आईच्या नावाचे इस्पितळ



आपल्याकडे घरातला मुलगा जरा उंच निघाला, की आले-गेले पाहुणे लगेच पोलीसभरतीचा विषय काढतात. त्या मुलाला काय व्हायचे आहे, हे विचारायचे मात्र राहून जाते. आज आम्ही ज्याची ओळख करून देणार आहोत, तो सात फूट दोन इंच उंचीचा होता आणि त्याला डॉक्टर व्हायचे होते.

डिकेम्बे मुटोम्बो यांचा जन्म २५ जून १९६६ रोजी आफ्रिकेतील काँगो देशाच्या राजधानीत, म्हणजे आजच्या किन्शासा शहरात झाला. वडील सॅम्युएल शिक्षणक्षेत्रात होते. आईचे नाव बियाम्बा मारी. १९८७ साली अमेरिकन सरकारच्या मदत-संस्थेची शिष्यवृत्ती मिळवून डिकेम्बे वॉशिंग्टन येथील जॉर्जटाऊन विद्यापीठात दाखल झाले. १७८९ साली स्थापन झालेले हे येशूसंघीय विद्यापीठ अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथोलिक विद्यापीठ आहे. वैद्यकशास्त्र शिकायचे आणि मायदेशी परतून रोग्यांची सेवा करायची, असा त्यांचा बेत होता. इंग्रजी मात्र त्यांना जेमतेम येत होती.

तिथले बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी या मुलाला संघात बोलावले आणि पुढचा मार्ग बदलला. वैद्यकीय शिक्षण मागे पडले. पण शिक्षण मागे पडले नाही, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९९१ साली ते भाषाशास्त्र आणि राजनय या दोन विषयांची पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाने त्यांना निवडले.

मुटोम्बो गुण मिळवण्यासाठी नव्हे, तर गुण रोखण्यासाठी प्रसिद्ध झाले. प्रतिस्पर्ध्याने बास्केटच्या दिशेने फेकलेला चेंडू हवेतच अडवायचा, ही त्यांची खासियत. अडवल्यावर ते तर्जनी उंचावून डावी-उजवीकडे हलवीत, जणू घरातली आजी नातवाला ‘इथे नाही हं’ म्हणून दटावते आहे! पुढे नियमाप्रमाणे अशा चिडवण्याला दंड होऊ लागला, तेव्हा ते खेळाडूऐवजी प्रेक्षकांकडे वळून बोट हलवू लागले. १९९४ साली आठव्या मानांकनाच्या डेन्व्हरने पहिल्या मानांकनाच्या सिॲटलला पाच सामन्यांच्या मालिकेत हरवले, तेही पहिले दोन सामने गमावल्यावर. त्या पाच सामन्यांत मुटोम्बो यांनी ३१ फेकी अडवल्या. शेवटची शिट्टी वाजली, तेव्हा ते चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जमिनीवर पडून होते आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. अठरा हंगामांत त्यांनी एकूण ३,२८९ फेकी अडवल्या. त्यांच्यापुढे फक्त हकीम ओलाजुवॉन हे एकच नाव आहे. सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यांना चार वेळा मिळाला.

पण सगळेच काही अडवता येत नाही. १९९७ साली काँगोत यादवी पेटली होती. त्या धामधुमीत किन्शासात बियाम्बा मारी यांना पक्षाघाताचा झटका आला. रस्ते बंद होते. त्यांना इस्पितळात नेता आले नाही आणि त्या घरीच वारल्या. मुलगा अमेरिकेत लक्षावधी डॉलर कमावत होता. आईला इस्पितळाच्या दारापर्यंत नेण्याच्या कामी त्यातला एक डॉलरही आला नाही.

त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाची धर्मादाय संस्था काढली आणि किन्शासात आधुनिक इस्पितळ बांधण्याचे काम हाती घेतले. अशा गोष्टी सांगताना आपण सहसा पायाभरणीवरून थेट उद्घाटनावर उडी मारतो. आम्हाला मात्र मधल्या वर्षांविषयी सांगावेसे वाटते. पायाभरणी २००१ साली झाली, प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला २००४ उजाडले. मुटोम्बो यांनी सुरुवातीलाच पदरचे पस्तीस लाख डॉलर घातले होते, तरी इतरांकडून देणग्या येईनात. या माणसाला राजकारणात तर उतरायचे नाही ना, अशी शंका काहींना येई. जमीन पडून आहे म्हणून सरकार ती परत घेण्याच्या बेतात होते. शिवाय विस्थापित माणसांनी त्या जागेवर शेती सुरू केली होती. त्यांना पैसे देऊन जागा मोकळी करून घ्यावी लागली. गरिबांसाठी इस्पितळ बांधायचे आणि त्यासाठी गरिबांनाच उठवायचे, हा पेच साधा नव्हता. पैसे देऊन तो पूर्ण सुटतो, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना रिकाम्या हाताने हुसकून लावले नाही, एवढे तरी खरे.

अखेर मुटोम्बो यांनी स्वतःच आणखी हात सैल सोडला. सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर खर्चापैकी १ कोटी ५० लाख त्यांचे स्वतःचे होते. म्हणजे निम्म्याहून अधिक! २ सप्टेंबर २००६ रोजी ३०० खाटांच्या या इस्पितळाचा उद्घाटन सोहळा झाला आणि पुढल्या वर्षी रोग्यांवर उपचार सुरू झाले. त्या शहरात जवळजवळ चाळीस वर्षांत असे आधुनिक इस्पितळ उभे राहिले नव्हते. त्याला नाव दिले ‘बियाम्बा मारी मुटोम्बो इस्पितळ’.

त्यांच्या दातृत्वाची सवय मात्र याहून जुनी होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तेव्हाच्या झैरेचा, म्हणजे काँगोचाच, महिला बास्केटबॉल संघ खेळायला आला, तेव्हा त्या मुलींच्या गणवेशांचा आणि इतर खर्चाचा भार मुटोम्बो यांनी उचलला होता. त्या वेळी इस्पितळाचा विचार दूरच होता. देशाच्या मुली खेळायला आल्या आहेत, एवढेच कारण त्यांना पुरले असावे.

२००९ साली ह्युस्टनकडून खेळताना गुडघ्याला दुखापत झाली आणि बेचाळिसाव्या वर्षी त्यांचा खेळ थांबला. २०१५ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. पुढे म्बुजी-मायी शहराजवळच्या आपल्या मूळ गावी त्यांनी एक शाळा उभारली आणि तिला वडिलांचे, सॅम्युएल मुटोम्बो यांचे, नाव दिले.

२०२२ साली त्यांच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डॉक्टर व्हायला निघालेल्या या मुलाने आपल्या हाताने एकही रोगी तपासला नाही. किन्शासाच्या मासिना वस्तीतले लोक मात्र आजारी पडले की त्याच्या आईचे नाव घेऊन वाट विचारू लागले.